व्रण आणि पट्टी यांमधील पान

२०११ च्या डिसेंबरातील गोष्ट. सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी तेव्हा सात वर्षे व्यवसाय करीत होतो. ऊसतोड चालू असताना तुटक्या बुडख्याने नडगीच्या बाहेरच्या अंगाला जखम झालेले पन्नाशीचे एक शेतकरी माझ्याकडे आले. मधुमेह नऊ वर्षांचा, परंतु औषधांनी आटोक्यात. पायाची नाडी उत्तम लागत होती, स्पर्शज्ञान शाबूत होते. व्रण तीन बोटे लांब, दोन बोटे रुंद. स्राव बेताचा, दुर्गंधी नाही. धनुर्वाताची लस देऊन मी पंचवल्कल क्वाथाने प्रक्षालन, जात्यादि तेल, त्यावर गॉज, कापूस आणि वरून रोलर पट्टी असा क्रम रोज सुरू केला. महाविद्यालयात शिकलो होतो तसाच.

तीन आठवडे लोटले तरी व्रण होता तेवढाच राहिला. तळ लाल, कडा स्वच्छ, साखर ताब्यात; मग रोहण का होत नाही? मी पोटातील औषधे बदलली, तेल दुसऱ्या निर्मात्याचे आणले. एके सकाळी पट्टी काढत असताना रुग्णाची पत्नी शेजारी उभी होती. ती म्हणाली, "डॉक्टर, रोज पट्टी ओढली की रगात येतंय. जखम भरतीया, का आपणच रोज उघडतोय?"

मी हातातील गॉजकडे पाहिले. जाळीची नक्षी उमटावी तसे त्यावर रक्ताचे ठिपके होते. तेल वरच्या कापसाने शोषून घेतले होते, गॉज कोरडे पडून व्रणाच्या तळाला घट्ट चिकटले होते आणि आदल्या दिवशी उगवलेले रोहणांकुर मी रोज सकाळी त्याच्यासह उपटून काढत होतो. औषध योग्य होते; ते व्रणावर राहतच नव्हते.

व्रणावर कोणते तेल, कोणते घृत, कोणता लेप याविषयी आपल्या नियतकालिकांतून पुष्कळ लिहिले जाते. त्या औषधाला व्रणावर धरून ठेवणाऱ्या थराविषयी मात्र फारसे वाचावयास मिळत नाही. प्रस्तुत लेख त्या थराविषयी आहे.

सुश्रुताचार्यांचा क्रम

त्या रात्री सुश्रुतसंहिता पुन्हा उघडली. सूत्रस्थानातील अग्रोपहरणीय अध्याय, त्याच स्थानातील अठरावा व्रणालेपनबंधविधी अध्याय आणि चिकित्सास्थानातील पहिला द्विव्रणीय अध्याय ही तीन स्थळे एकत्र ठेवून वाचली, तर पट्टीचे एक संपूर्ण शास्त्र समोर उभे राहते. परीक्षेसाठी आपण कोश, दाम, स्वस्तिक यांपासून गोफणा, पंचांगीपर्यंत चौदा बंध पाठ करतो. गाढ, सम आणि शिथिल हे तीन प्रकारही पाठ असतात. परंतु बंध हा सर्वांत वरचा थर आहे. त्याच्या खाली काय असावे, हे त्याहून महत्त्वाचे.

बंधनद्रव्यांची यादी आचार्यांनी विस्ताराने दिली आहे. क्षौम, कार्पास, लोकर, रेशीम, चीनपट्ट अशी वस्त्रे तीत आहेत. कातडे, झाडाची अंतर्साल, भोपळ्याच्या कवटीचा तुकडा, वेल, बांबूची कांब, दोरी आहे. दुधावरची साय आहे आणि धातूसुद्धा आहेत. ही यादी वाचताना काहींना हसू येते. मात्र ती एकाच कामाची नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. कांब आणि साल आधारासाठी, वस्त्रे बांधण्यासाठी, साय आच्छादनासाठी. व्याधी आणि काळ पाहून यांपैकी द्रव्य निवडावे, असे आचार्यांचे सांगणे आहे. आपण मात्र सगळ्या कामांना एकच गॉज वापरतो.

व्रणाला प्रत्यक्ष स्पर्श करते ती विकेशिका. ती औषधाने माखलेली असावी, पण अतिस्निग्ध नसावी आणि अतिरूक्षही नसावी. अतिस्निग्धतेने क्लेद वाढतो, रूक्षतेने व्रण फाटल्यासारखा होतो, अशी कारणमीमांसाही दिलेली आहे. शस्त्रकर्मानंतर तीळकल्क, मध आणि तूप यांनी माखलेली वर्ती व्रणात ठेवून वर घन कवलिका द्यावी आणि मग पट्टी बांधावी, असा क्रम सांगितला आहे. कवलिका म्हणजे जाड घडी. आजच्या भाषेत स्राव शोषणारा थर तो. बर्मिंगहॅमचे शल्यचिकित्सक सॅम्पसन गॅमगी यांनी १८८० मध्ये गॉजमध्ये कापूस भरून केलेली जी घडी आपण आजही 'गॅमजी' म्हणून वापरतो, तिचे कार्य हेच. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये ल्युमिएर यांनी विरळ जाळीच्या कापडाला व्हॅसलीनसारख्या स्निग्ध पदार्थात बुडवून जी पट्टी तयार केली, ती विकेशिकेची सख्खी बहीण शोभावी.

परंतु माझ्या रुग्णाच्या संदर्भात डोळे उघडले ते दोन स्थळांनी.

पहिले स्थळ पत्रदानाचे. व्रणाच्या साठ उपक्रमांत पत्रदान हा एक उपक्रम आहे. जे व्रण स्थिर झाले आहेत, ज्यांत मांस कमी आहे आणि जे रूक्षतेमुळे भरून येत नाहीत, त्यांवर दोष व ऋतू पाहून पान ठेवावे, असे तेथे म्हटले आहे. वातज व्रणासाठी एरंड, भूर्ज, पूतीक, हरिद्रा यांची पाने. पित्तरक्तज व्रणासाठी क्षीरी वृक्षांची व पाण्यात वाढणाऱ्या वनस्पतींची. कफजासाठी पाठा, मूर्वा, गुडूची, काकमाची इत्यादिकांची. पान खरखरीत नसावे, फाटलेले वा जून नसावे, मऊ असावे, किडीने खाल्लेले नसावे. आणि हे सारे कशासाठी? मध्ये पान असल्यामुळे पट्टी स्नेह आणि औषधाचे सार शोषून घेत नाही, म्हणून. माझी रोलर पट्टी रोज नेमके हेच करीत होती.

दुसरे स्थळ पट्टी सोडण्याच्या काळाचे. शस्त्रकर्मानंतर तिसऱ्या दिवशी पट्टी सोडावी. घाई करून दुसऱ्या दिवशी सोडू नये, कारण तसे केल्याने व्रणात गाठी होतात, तो उशिरा भरतो आणि वेदना तीव्र होतात, असे आचार्य बजावतात. पुढे ऋतूचा विचार आहे. हेमंत, शिशिर आणि वसंतात तीन दिवसांनी. शरद, ग्रीष्म आणि वर्षा ऋतूंत दोन दिवसांनी. मी मात्र ऐन हेमंतात रोज सकाळी पट्टी सोडत होतो आणि त्यालाच काळजीपूर्वक उपचार समजत होतो.

दुसऱ्या दिवशी मी क्रम बदलला. जात्यादि तेलात भिजवून निथळलेले गॉज, त्यावर निर्जंतुक केलेले केळीचे पान, त्यावर घडी आणि सम बंध. पट्टी तिसऱ्या दिवशी सोडली. गॉज अलगद उचलले गेले. पाच आठवड्यांत व्रण भरून आला. एका रुग्णावरून सिद्धांत मांडता येत नाही हे मी जाणतो. परंतु ज्या वैद्याकडे तीन आठवड्यांपासून न हलणारा, स्वच्छ तळाचा व्रण असेल, त्याने तेल बदलण्यापूर्वी काढलेल्या गॉजकडे एकदा पाहावे.

ओलावा आणि खपली

जखम मोकळी ठेवावी, वाळू द्यावी, खपली धरली म्हणजे बरी झाली, ही समजूत लोकांत आणि पुष्कळ चिकित्सकांतही आजतागायत आहे. १९६२ मध्ये इंग्लंडमधील जॉर्ज विंटर यांनी डुकराच्या त्वचेवरील उथळ जखमांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पातळ प्लास्टिक पटलाने झाकून ओलसर ठेवलेल्या जखमांवर नवी त्वचा उघड्या जखमांच्या सुमारे दुप्पट वेगाने पसरली. कारण सोपे आहे. कडेकडून सरकत येणाऱ्या त्वचेच्या पेशींना ओला पृष्ठभाग लागतो. कोरड्या खपलीखाली त्यांना खोल उतरून वाट काढावी लागते. आजच्या हायड्रोकोलॉइड, हायड्रोजेल, समुद्रशैवालापासून केलेल्या अल्जिनेट इत्यादी महागड्या पट्ट्यांच्या मुळाशी हेच तत्त्व आहे. रूक्षतेमुळे न भरणारा व्रण हा शब्दप्रयोग ज्या आचार्यांनी केला, त्यांना हे निरीक्षण नवे वाटले नसते.

आता थोडे खेदाने लिहितो. पानाचा, मधाचा, घरगुती द्रव्यांचा पट्टीसाठी पद्धतशीर अभ्यास आपल्याच राज्यात झाला. तो केला आधुनिक शल्यचिकित्सकांनी. मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयातील डॉ. केसवानी यांनी भाजलेल्या मुलांसाठी उकडलेल्या बटाट्याच्या सालीची पट्टी वापरून १९८५ मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातील डॉ. माधुरी गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केळीचे पान कापडी पट्टीला जोडून, ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करून भाजलेल्या जखमांवर आणि त्वचारोपणासाठी जेथून त्वचा काढली त्या जागांवर वापरले. २००३ मध्ये त्यांचे दोन निबंध प्रसिद्ध झाले. व्हॅसलीन गॉजपेक्षा पानाची पट्टी काढताना वेदना कमी होत्या. बटाट्याच्या सालीच्या तुलनेत गुण सारखाच आला आणि खर्च पुष्कळ कमी झाला. भाजलेल्या रुग्णाची पट्टी बदलताना ज्याने त्याचा आक्रोश ऐकला आहे, त्याला 'वेदना कमी' या दोन शब्दांचे मोल सांगावयास नको.

आणि मध. १९९१ मध्ये सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. सुब्रह्मण्यम यांनी १०४ भाजलेल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ५२ जणांना मध आणि ५२ जणांना सिल्व्हर सल्फाडायझिन. मधाच्या गटातील ९१ टक्के जखमा सात दिवसांत निर्जंतुक झाल्या, दुसऱ्या गटात ७ टक्के. पंधरा दिवसांत भरलेल्या जखमा ८७ टक्के विरुद्ध १० टक्के. एकाच रुग्णालयातील एकाच चिकित्सकाचे काम म्हणून या आकड्यांकडे सावधपणे पाहावे हे खरे. परंतु २०१५ मध्ये जगभरच्या चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन समीक्षेतही मध्यम खोलीच्या भाजण्यात नेहमीच्या पट्ट्यांपेक्षा मधाने चार-पाच दिवस आधी जखम भरते, असाच निष्कर्ष निघाला. मधुमेही पायाच्या व्रणाबाबत मात्र त्याच समीक्षेला ठाम काही म्हणता आले नाही. ही दुसरी ओळ आपल्याकडे कोणी सांगत नाही.

हळदीच्या पेटंटची कथा आपण प्रत्येक व्याख्यानात ऐकतो. जखमेवर हळद लावण्याचे जे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिले गेले, ते डॉ. माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने १९९७ मध्ये रद्द करवून घेतले. अभिमान वाटावा असेच ते कार्य. पण कोरडी हळद, तंबाखू, चुना, राख किंवा टूथपेस्ट दाबून भरलेली जखम आजही माझ्याकडे येते आणि ती पूड तळातून वेचून काढण्यात अर्धा तास जातो. चूर्ण व्रणावर कधी आणि कोणत्या अवस्थेत टाकावे हे अवचूर्णनाच्या विधीत सांगितले आहे. ते स्वयंपाकघरापर्यंत पोहोचवण्याचे काम आपले आहे.

औषधालयाने आणि वैद्याने पाहावयाच्या गोष्टी

मधाविषयी आधी. मध स्रावात मिसळून पातळ झाला की त्यातील ग्लुकोज ऑक्सिडेज या विकरामुळे हायड्रोजन पेरॉक्साइड मंदपणे तयार होत राहते. आम्लता आणि घट्टपणा हेही त्याचे जंतुरोधक गुण. हे विकर उष्णतेने नष्ट होते. मध तापवू नये हा आपला नियम येथे अक्षरशः लागू पडतो. मग निर्जंतुक कसा करावयाचा? कच्च्या मधात बोट्युलिनम जंतूंचे बीजाणू असू शकतात, ते तर साध्या उकळण्यानेही मरत नाहीत. याचे उत्तर गामा किरण. २५ किलोग्रे मात्रेने मधाची जंतुरोधक शक्ती घटत नाही, असे १९९६ मध्ये न्यूझीलंडमधील संशोधकांनी दाखवले. मुंबईत तुर्भे येथे वैद्यकीय वस्तू गामा किरणांनी निर्जंतुक करणारे 'आयसोमेड' केंद्र १९७४ मध्येच सुरू झाले. तेव्हा व्रणासाठी मध ठेवावयाचा तर तो किरणांनी निर्जंतुक केलेला, छोट्या नळीतील असावा. बाजारातील खाण्याच्या मधाविषयी बोलायचे तर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने तपासलेल्या २२ नमुन्यांपैकी सर्व कसोट्यांना उतरले ते केवळ पाच. साखरेच्या पाकात हे विकर कोठून येणार? औषधालयाच्या मालकांनी गिऱ्हाईकाला "जखमेसाठी हाच मध चालेल" असे सांगण्यापूर्वी हे आठवावे.

मध आणि तूप समप्रमाणात विरुद्ध, मग व्रणावर दोन्ही कसे, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. तो नियम आहाराचा आहे. तरीही मी विषम प्रमाणातच मिसळतो. त्यात बिघडत काहीच नाही आणि रुग्णाच्या घरच्यांची शंका मिटते.

तेलाविषयी एक चूक फार आढळते. तेलाची बाटली किंवा तेलात भिजवलेले गॉज ऑटोक्लेव्हमध्ये ठेवून ते निर्जंतुक झाले असे मानले जाते. वाफ तेलात शिरत नाही, म्हणून स्निग्ध द्रव्ये कोरड्या उष्णतेने, १६० अंशांवर दोन तास ठेवून निर्जंतुक करतात. त्यात सिद्ध तेलातील सुगंधी अंश उडून जाण्याचा धोका आहेच. यावर व्यवहारातील तोड अशी की गॉज आणि पान वाफेने निर्जंतुक करावे, तेल लहान बाटल्यांत घ्यावे, एका रुग्णासाठी एक बाटली ठेवावी आणि व्रणाला लागलेला चिमटा पुन्हा बाटलीत बुडवू नये. शंभर मिलीची मोठी बाटली महिनाभर उघडी टेबलावर ठेवण्यापेक्षा निर्मात्यांनी दहा-पंधरा मिलीच्या कुप्या काढल्या, तर आम्ही त्या आनंदाने घेऊ. क्वाथही रोज ताजा करावा, दुपदरी स्वच्छ कापडाने गाळावा आणि उरलेला टाकून द्यावा. कालचा पंचवल्कल क्वाथ हे जंतूंचे उत्तम अन्न आहे. हायड्रोजन पेरॉक्साइडचा रोजचा फेस मी कधीच बंद केला. भरत आलेल्या व्रणाला तो जाळतो.

जात्यादि तेलात तुत्थ आहे हे आपण विसरतो. शोधन हवे असलेल्या व्रणात ते उपकारक. तळ शुद्ध झाल्यावर मी सौम्य रोपण घृताकडे वळतो.

गॉजबाबत काटकसर करू नये. बँडेजचे कापड आणि शोषक गॉज यांची मानके औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीच्या अनुसूची एफ-२ मध्ये दिलेली आहेत. स्वस्त गठ्ठ्यातील विरळ गॉजचे धागे सुटून व्रणात राहतात आणि प्रत्येक धाग्याभोवती शोथ धरतो. कापूस थेट व्रणावर कधीही ठेवू नये, हे तर परिचारिकेलाही पहिल्या दिवशी शिकवावे.

पानाविषयी सांगावयाचे तर मी केळीचे कोवळे, अखंड पान वापरतो ते ग्रंथातील यादीच्या आधाराने नव्हे, शीवच्या अनुभवाच्या आधाराने. पुसून, कापून, कापडी पट्टीत गुंडाळून ते ऑटोक्लेव्ह करतो. रंग तपकिरी होतो, मऊपणा राहतो. ज्या व्रणातून भरपूर स्राव वाहतो त्यावर पान नको. खाली ओल साचून कडा पांढऱ्या पडतात, फुगतात. तेथे जाड कवलिका आणि वरचेवर बदल हाच मार्ग. सडलेला, पूययुक्त व्रणही झाकून ठेवू नये. आणि जेथे पान मिळत नाही किंवा करण्यास वेळ नाही, तेथे बाजारातील निर्जंतुक पॅराफिन गॉज वापरण्यात मला कोणताही कमीपणा वाटत नाही.

पानाने जे होत नाही

पहिल्या रुग्णाच्या यशाने मी थोडा चढलो होतो, हेही लिहिले पाहिजे. २०१४ मध्ये पंधरा वर्षांचा मधुमेह असलेले एक गृहस्थ अंगठ्याखाली तळपायाला चपलेचा खिळा लागून झालेला व्रण घेऊन आले. पायाला संवेदना नव्हती, त्यामुळे वेदना नव्हती. पाऊल गार लागत होते. नाडी लागते आहे असे मला वाटले आणि मी तेवढ्यावर समाधान मानले. मध, घृत, पान, तिसऱ्या दिवशी पट्टी, सारे विधिवत केले. व्रणाचा तळ फिकट राहिला, पण स्वच्छ होता म्हणून मी पाच आठवडे वाट पाहिली. एके दिवशी अंगठा काळा पडलेला दिसला. सोलापुरास पाठवले तेव्हा अंगठ्यासह पुढच्या पावलाचा भाग काढावा लागला. ते गृहस्थ हिंडतात, फिरतात, रस्त्यात भेटले की नमस्कार करतात. मला तो नमस्कार घेणे जड जाते.

ज्या अठराव्या अध्यायातून मी पट्टी शिकलो, त्याच अध्यायात मधुमेहींच्या पिडका, अग्निदग्ध आणि कुष्ठ यांतील व्रण बांधू नयेत असे म्हटले आहे. त्याचा शब्दशः अर्थ लावून आज मधुमेह्याचा व्रण उघडा ठेवणे योग्य होणार नाही. पण झाकून तीन दिवस विसरून जाण्याचा हा व्रण नव्हे, एवढा त्याचा आशय मी घ्यावयास हवा होता. अग्रोपहरणीय अध्यायातही पट्टीच्या दिवसांचा नियम सांगून झाल्यावर आचार्य म्हणतात की आत्ययिक अवस्थेत हा विधी पाहत बसू नये, घराला आग लागावी तशी धाव घ्यावी. रक्त न पोहोचणाऱ्या पावलाला कोणतीही पट्टी रक्त आणून देत नाही. तळपायाच्या व्रणावर रुग्ण दिवसभर चालत राहिला तर मध आणि पान दोन्ही चिरडले जातात. तेथे दाब काढणारी पादत्राणे आणि विश्रांती हाच मुख्य उपचार.

तेव्हापासून माझ्याकडे व्रणांची एक वेगळी नोंदवही आहे. पहिल्या रकान्यात दोन्ही पावलांची नाडी; ती स्पष्ट लागली नाही तर रुग्ण त्याच दिवशी रक्तवाहिन्यांच्या तपासणीला जातो. दुसऱ्यात स्पर्शज्ञान. तिसऱ्यात लांबी-रुंदी, पारदर्शक कागदावर कड गिरवून. दोन आठवड्यांत कड आत सरकली नाही तर मी दुसऱ्याचे मत घेतो. चौथ्यात व्रणाला लागून असलेले द्रव्य, पाचव्यात औषध. शेवटचा रकाना त्या बाईंच्या प्रश्नाचा आहे. पट्टी काढताना रक्त आले काय, एवढेच त्यात लिहावयाचे असते, आणि ते माझी परिचारिका मला न विचारता लिहिते.